देवाच्या प्रतिरूपाचा माणूस : घरसभेत हा पाठ कसा घ्यावा?

पूर्णाकाठ (चांदूरबाजार तालुका)

सर्वांना सलाम. आमच्या मंडळीत बुधवारच्या घरसभेला बायबलमधल्या उत्पत्तीचा पहिला अध्याय घ्यायचं ठरलं आहे. देवाने मनुष्याला आपल्या प्रतिरूपाचा केला आणि त्याला जीवजंतूंवर सत्ता दिली, असं सांगणाऱ्या २६ ते २८ या वचनांना दोन बुधवार ठेवले आहेत. सभेला वीस-पंचवीस माणसं असतात, अर्ध्याहून जास्त बाया. सध्या निंदणाचे दिवस असल्यामुळे सभा रात्री साडेआठशिवाय भरत नाही आणि साडेनऊनंतर कोणी बसत नाही. गाणी-प्रार्थना सोडली तर पाठाला चाळीस मिनिटं मिळतात. तीन-चार शेजारी ख्रिस्ती नाहीत, पण आवडीने येऊन बसतात. त्यातलं एक घर महानुभाव आहे, बाकीचे माळकरी.

देव आत्मा आहे, त्याला रूप नाही, आणि दुसऱ्या आज्ञेत तर कोरीव मूर्ती करू नका असं स्पष्ट म्हटलं आहे. मग ‘प्रतिरूप’ कशाचं, हा प्रश्न पहिल्या पाच मिनिटांतच येणार. पुस्तकांत बहुतेक ठिकाणी ‘प्रतिरूप म्हणजे बुद्धी आणि विवेक’ असं उत्तर सापडतं. पण सभेत येणाऱ्या एका कुटुंबात जन्मापासून बोलू न शकणारा, बौद्धिक अपंगत्व असलेला मुलगा आहे. त्याची आई समोर बसलेली असताना हे उत्तर द्यायला जीभ वळत नाही. शेजारी म्हणाले की ‘हे तर आमच्याकडेही आहे, प्रत्येकात देव आहेच’, तर त्यांना हो म्हणावं की नाही? आणि शेवटचं म्हणजे ‘सत्ता चालवा’ हे शब्द शेतकऱ्यांच्या सभेत कसे उलगडावेत? जाणकारांनी वचनांसकट सांगावं.

वचनपाठक

पूर्णाकाठ भाऊ, सलाम. पहिला प्रश्न नीट सुटला की बाकीचे निम्मे सुटतात, म्हणून तोच आधी घ्या.

पवित्र शास्त्र प्रतिरूपाची व्याख्या कुठेच देत नाही. उत्पत्ती १:२६ मध्ये ‘आपल्या प्रतिरूपाचा मनुष्य करू’ हे म्हटल्याबरोबर त्याच वाक्यात मासे, पाखरं, गुरंढोरं आणि पृथ्वी यांवरच्या सत्तेची गोष्ट येते. म्हणजे मनुष्याच्या आत कोणता गुण ठेवला हे सांगण्याआधी त्याला कुठे आणि कशासाठी उभं केलं हे सांगितलं आहे. त्या काळच्या लोकांना हे लगेच कळत होतं. मिसर आणि मेसोपोटेमियात राजे जिंकलेल्या दूरच्या मुलखात स्वतःचा पुतळा उभारत. राजा तिथे राहत नसे, पण इथे सत्ता कोणाची हे पुतळा सांगत असे. खुद्द राजालाही देवाची प्रतिमा म्हणत. मिसरचा राजा तुतनखामुन याच्या नावाचा अर्थच ‘आमून देवाची जिवंत प्रतिमा’ असा आहे. हा मान फक्त गादीवर बसणाऱ्याचा होता. उत्पत्ती १:२७ तो राजाकडून काढून सगळ्या मनुष्यजातीला देते, आणि कोणी शंका घेऊ नये म्हणून ‘नर व नारी’ असं वेगळं नमूद करते. सभेत अर्ध्याहून जास्त बाया आहेत, तर या दोन शब्दांवर जरा थांबा.

हे गावात समजवायचं तर चौकातल्या पुतळ्याचं उदाहरण पुरेसं आहे. पुतळ्याची कोणी विटंबना केली तर सगळं गाव का उठतं? दगडाला काही लागत नाही. अपमान ज्याचा पुतळा आहे त्याचा होतो. उत्पत्ती ९:६ मध्ये नेमकं हेच कारण दिलं आहे: माणसाचं रक्त पाडू नये, कारण देवाने त्याला आपल्या प्रतिरूपाचं केलं आहे. याकोब ३:९ हीच गोष्ट जिभेला लावतो. ज्या तोंडाने देवाची स्तुती, त्याच तोंडाने देवासारख्या घडवलेल्या माणसाला शाप, हे चालायचं नाही म्हणतो.

आता दुसरी आज्ञा. निर्गम २०:४ आणि उत्पत्ती १:२७ यांत विरोध नाही, उलट एकामुळे दुसरं कळतं. बाबेलात (बॅबिलोनात) देवाची मूर्ती घडवली की तिचं तोंड धुण्याचा मोठा विधी होई, आणि त्यानंतरच मूर्ती जिवंत झाली असं मानत. आपल्याकडे प्राणप्रतिष्ठा सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळे हे समजवायला वेळ लागणार नाही. तिथे माणूस मूर्ती घडवतो आणि तिच्यात प्राण यावा म्हणून विधी करतो. उत्पत्ती २:७ मध्ये देव स्वतः मातीतून माणूस घडवतो आणि त्याच्या नाकपुड्यांत श्वास फुंकतो. आपली प्रतिमा देवाने आधीच उभी केली आहे, ती चालते-बोलते आहे, म्हणून तिच्या जागी दुसरी कोरायची नाही.

इथे एक सावधगिरी बाळगा. मूर्तीचा विषय निघाला की यशया ४४ वाचायचा मोह होतो. अर्ध्या लाकडावर भाकर भाजली आणि उरलेल्याचा देव केला, तो उतारा. या सभेत तो घेऊ नका. शेजारी तुमच्या विश्वासावर येऊन बसले आहेत. त्यांच्या देवघराची थट्टा झाली असं वाटलं तर पुढचं काहीच ऐकलं जाणार नाही, आणि त्यांना देवाच्या प्रतिरूपाचा मान द्या असं शिकवणाऱ्या पाठातच तो मान जाईल.

दुसऱ्या प्रश्नासाठी एक कसोटी सांगतो. प्रतिरूपाची कोणतीही व्याख्या घेतली की ती सभेतल्या प्रत्येकाला मनातल्या मनात लावून पाहायची. झोळीतलं लेकरू, विस्मरण झालेली म्हातारी, तो मुलगा, दारू सोडू न शकलेला माणूस. एकही बाहेर राहत असेल तर ती व्याख्या टाकून द्या. ‘बुद्धी’ या कसोटीवर टिकत नाही. ‘देह किंवा चेहरामोहरा’ही टिकत नाही. ‘पवित्रपणा’ म्हणाल तर मनुष्य पापात पडल्यावर प्रतिरूप गेलं असं म्हणावं लागेल, आणि ९:६ तर त्या पतनानंतरचं, जलप्रलयाच्याही नंतरचं वचन आहे.

धर्मशिक्षक (अमरावती धर्मप्रांत)

वचनपाठकांनी मांडणी नेमकी केली आहे, पण जुन्या आचार्यांना एका वाक्यात बाजूला सारू नये असं मला वाटतं. संत ऑगस्टीन (३५४–४३०) स्मृती, आकलन आणि इच्छा या तिन्हींत त्रैक्याची (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा अशा एका देवाची) खूण पाहतात, तर संत थॉमस अक्विनास (१२२५–१२७४) बुद्धिमान स्वभावात. पण स्वभाव म्हणजे परीक्षेतले गुण नव्हेत. अक्विनासांच्या मते देवाला ओळखण्याची आणि त्याच्यावर प्रेम करण्याची पात्रता मनुष्यस्वभावातच आहे, मग ती एखाद्यात फुलो, अडून राहो किंवा झोपलेली असो. झोपलेल्या माणसाची बुद्धी चालत नसते, म्हणून त्याचं माणूसपण जात नाही. त्या मुलाच्या आईला हे सांगता येतं.

उलट, फक्त ‘कामगिरी’ हे उत्तरही तुमच्याच कसोटीवर अडखळतं. तान्हं मूल कोणावर सत्ता चालवतं? अंथरुणाला खिळलेला माणूस काय राखतो? प्रतिरूप म्हणजे देवाने दिलेलं काम असं शिकवलं आणि तिथेच थांबलं, तर ज्याच्याकडून काम होत नाही तो कमी ठरतो. शेतकरी घरांत ‘कामाचा’ आणि ‘बिनकामाचा’ हे शब्द आधीच फार चालतात, त्यांत भर पडायला नको. म्हणून क्रम असा ठेवा: आधी देवाने दिलेलं स्थान आणि नातं, मग त्यातून येणारं काम. स्थान कोणी कमावत नाही, त्यामुळे ते कोणाचं जातही नाही. कॅथलिक शिकवण हे थोडक्यात सांगते की मनुष्य ‘काहीतरी’ नसून ‘कोणीतरी’ आहे.

आणखी एक इतिहास हाताशी ठेवा. चौथ्या शतकात निस्साचे बिशप ग्रेगरी यांनी गुलाम बाळगणाऱ्यांविरुद्ध प्रवचन केलं, तेव्हा मुख्य आधार हेच वचन होतं. देवाच्या प्रतिरूपाची किंमत किती नाणी लावलीत, असं त्यांनी थेट विचारलं. त्या काळी गुलामगिरी सगळ्या साम्राज्यात रीतसर चालत होती, त्यामुळे या प्रश्नाचं वजन लक्षात येतं.

वचनपाठक

धर्मशिक्षकांची दुरुस्ती मान्य. ‘आधी स्थान, मग काम’ हाच क्रम ठेवावा. उत्पत्ती १:२८ मध्येही आधी आशीर्वाद आहे, आज्ञा त्यानंतर.

रिद्धपूरकर

मी ख्रिस्ती नाही, महानुभाव आहे. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर शेजाऱ्यांच्या बाजूने दिलं तर बरं, म्हणून लिहितो.

‘प्रत्येकात देव आहे’ हे वाक्य सगळे हिंदू एकाच अर्थाने म्हणतात असं समजू नका. अद्वैत मानणारा म्हणेल की जीव आणि ब्रह्म मुळात वेगळे नाहीतच, अज्ञान गेलं की भेद गेला. वारकरी माळकरी हाच विचार भक्तीच्या अंगाने सांगतो आणि भेटेल त्या भूतमात्राला भगवंत मानतो. आमच्या पंथात तसं नाही. श्रीचक्रधर स्वामींच्या शिकवणीत जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार पदार्थ अनादी आणि एकमेकांपासून वेगळे आहेत. जीव हा परमेश्वराचा अंश नाही आणि पुढे परमेश्वर होतही नाही. परमेश्वर मात्र कृपेने मनुष्यवेष घेऊन अवतरतो, पंचकृष्णांच्या, म्हणजे पाच अवतारांच्या, रूपाने.

त्यामुळे तुमच्या सभेतलं महानुभाव घर ‘प्रत्येकात देव आहे’ असं कदाचित म्हणणारच नाही. त्या घराचा प्रश्न वेगळा असेल: देवाने जीव निर्माण केला हे कसं? आमच्याकडे जीव निर्माण झालेला नाही, तो अनादी आहे. याची तयारी ठेवा. आणि दोघांनाही एकच उत्तर देऊ नका.

तुमचं वचन जेवढं वाचलं त्यावरून अंतर मला असं दिसतं. अद्वैती म्हणतो मनुष्य मुळात देवच आहे, आम्ही म्हणतो जीव देवापासून कायमचा वेगळा आहे, आणि तुम्ही म्हणता मनुष्य देवाने घडवलेला आहे, देव नाही, देवाचा तुकडाही नाही, तरी देवाने त्याला आपल्यासारखा केला. हे तीन वेगळे विचार आहेत. ‘सगळं एकच’ म्हणून मोकळं होणं सोपं आहे, पण कोणाचंच नीट ऐकलं जात नाही.

वागणुकीत मात्र हे विचार एकमेकांना भेटतात. स्वामींनी बाया आणि खालच्या मानलेल्या जातींतल्या लोकांना जवळ केलं. अमरावती जिल्ह्यातल्याच शेंडगावचे गाडगेबाबा (१८७६–१९५६) देवळातल्या देवापेक्षा भुकेल्याला अन्न आणि उघड्याला वस्त्र द्या म्हणून गावोगाव फिरले. तुम्ही हे नाव सभेत आदराने घेतलंत तर कोणालाच वावगं वाटणार नाही.

पूर्णाकाठ

रिद्धपूरकर दादा, मनापासून आभार. दोन घरांचे प्रश्न वेगळे असतील हे लक्षातच आलं नव्हतं. आता अजून दोन गोष्टी. रविवारच्या शाळेतल्या लेकरांनाही हाच विषय द्यायचा आहे, वय ७ ते १२, त्यांना काय करायला द्यावं? आणि करिंथकरांस पहिले पत्र ११:७ कोणीतरी काढणारच, की पुरुष देवाचं प्रतिरूप आणि स्त्री पुरुषाचं वैभव. तिथे काय सांगावं?

मेळघाटताई

भाऊ, लेकरांचं सांगते. ‘देवाचं चित्र काढा’ असं अजिबात सांगू नका. सात वर्षांचं लेकरू भिंतीवरच्या कॅलेंडरातला दाढीवाला गोरा माणूस काढतं, आणि प्रतिरूप म्हणजे तसा चेहरा, हे त्याच्या डोक्यात पक्कं बसतं. पुढे ते पुसायला फार जड जातं. सावळं लेकरू स्वतःला त्या चित्राशी ताडून पाहतं ते वेगळंच.

त्याऐवजी नावांचं काम द्या. वर्गात जितकी लेकरं तितक्या कागदाच्या चिठ्ठ्या करायच्या, प्रत्येकीवर एक नाव. एका मोठ्या चार्टपेपरवर वर ठळक अक्षरांत लिहायचं, ‘देवाने आपल्या प्रतिरूपाचं केलं’. मग एकेकाने आपली नव्हे, दुसऱ्याची चिठ्ठी उचलून चार्टवर चिकटवायची आणि ते वाक्य त्याचं नाव लावून मोठ्याने म्हणायचं. ज्या लेकराशी कालच भांडण झालं त्याचीही चिठ्ठी कुणाच्या तरी हाती येते, आणि याकोब ३:९ तिथेच शिकवून होतं. शाळेत न येणाऱ्यांच्या चिठ्ठ्या विसरू नका: घरी असलेला तो मुलगा, पाड्यावरची लेकरं. चिकटवायला भाताची किंवा कणकेची खळ चालते. पावसाळ्यात मात्र तिला बुरशी येते, म्हणून चार्ट लवकर उतरवावा लागतो. डिंक असेल तर बरं.

त्या मुलाबद्दल. त्याच्या आईला सभेतला ‘उदाहरणाचा विषय’ करू नका. पाठात त्याचं नाव घेऊन ‘हासुद्धा देवाचं प्रतिरूप’ म्हणालात तर त्या ‘सुद्धा’ने तो वेगळा पडतो. त्याला सभेत आणा म्हणावं, आणि आणल्यावर जागा द्या. मोठा आवाज, टाळ्या, अंधार-उजेड यांनी तो घाबरत असेल तर ढोलकीपासून लांब, दाराजवळ बसवा, म्हणजे आईला मध्येच बाहेर नेता येईल. तो मध्येच ओरडला तर पाठ थांबवून सगळ्यांनी त्याच्याकडे वळून पाहायचं नाही. दर सभेला त्याला एक ठरलेलं काम द्या, गाण्यांची पुस्तकं वाटणं किंवा चटई धरणं. नाहीच करू शकला तरी त्याची जागा तीच राहील. धर्मशिक्षकांनी सांगितलेला क्रम लोकांना यातून दिसतो.

आपल्या भागात कुष्ठरोगाचा विषय या पाठात यायलाच हवा. वरोऱ्याचं आनंदवन, वर्ध्याजवळचं दत्तपूर, अमरावतीचं तपोवन ही नावं सगळ्यांनी ऐकलेली असतात. या रोगाने वेळीच उपचार न झाल्यास बोटं आखडतात, नाकाचं हाड बसतं, भुवया झडतात, आणि लोकांनी अशा माणसांना गावाबाहेर काढलं ते त्या चेहऱ्यामुळेच. प्रतिरूप म्हणजे रूप असं मानणाऱ्याला इथे उत्तर सापडत नाही. मार्क १:४०-४१ वाचा. येशू आधी हात लावतो आणि मग बरं करतो, हा क्रम लोकांना दाखवा. त्याबरोबर कामाची माहितीही द्या. बहुविध औषधोपचार सरकारी आरोग्य केंद्रात फुकट मिळतो, जंतूंच्या प्रमाणानुसार तो ६ किंवा १२ महिने घ्यावा लागतो, आणि औषध सुरू झाल्यावर लागण पसरण्याचा धोका लवकरच जवळजवळ संपतो. अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा असेल आणि त्या जागी स्पर्श कळत नसेल, तर घरगुती लेप लावत बसू नका, तपासून घ्या. औषध पूर्ण केलेल्या माणसाबरोबर जेवायला बसायला कोणतीच अडचण नाही.

वखरपाळी

पूर्णाकाठ भाऊ, तुमचा चौथा प्रश्न राहूनच गेला. शेतकऱ्याच्या सभेत मले तोच मोठा वाटते.

‘सत्ता चालवा’ एवढंच वाचून थांबले त लोकायच्या मनात पाटलाची सत्ता येते. म्हणून २८ वर थांबू नका, २९ अन् ३० वाचा. तिथं माणसाले दाणे-फळं देल्ली अन् जनावराले हिरवा पाला देल्ला. मांस खायची मोकळीक नोहाच्या काळात, ९:३ ले येते. मंग २:१५ काढा. देवानं माणसाले बागेत ठेवलं ते मशागत अन् राखण कराले. हे दोन शब्द शेतकऱ्याले समजावून सांगा लागत नाई. नुसती मशागत केली अन् राखण नाई केली त काय हाती येते ते डुकरानं वावर उकरलेल्या माणसाले विचारा.

या सत्तेले मोशेच्या कायद्यात बांध घातले हायेत, ते दाखवा. अनुवाद नावाच्या पुस्तकातलं २५:४ म्हणते, मळणी करणाऱ्या बैलाचं तोंड बांधू नको. इथं एक घोटाळा होते. लोकं म्हणतेत, डवरणीत (उभ्या पिकातल्या कोळपणीत) त आपण बैलाले मुसकं बांधतोच, मंग आपण पापी काय? नाई. डवऱ्याच्या येळी मुसकं नसलं त बैल उभ्या पऱ्हाटीचे (कापसाच्या झाडाचे) शेंडे खाते, पीक जाते. वचन खळ्याचं हाय: जो दाणा त्याच्याच पायाखाली निघून रायला तो त्याले खाऊ द्या. आता खळं गेलं, थ्रेशर आलं, म्हणून वचनाचं काम संपलं नाई. ज्या बैलानं दिवसभर डवरा ओढला त्याले संध्याकाळी ढेप-कुटार पुरतं पडते का, खांद सोलला असन त दुसऱ्या दिवशी जू ठेवता का, हे विचारा. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांद शेकतेत त्याचा भाव लोकायले कळते. निर्गम २३:१२ तीच सुटी दर सातव्या दिवशी देते, बैलाले, गाढवाले, दासीच्या पोराले अन् परक्याले.

अनुवाद २२:६-७ पाखराचं हाय. घरटं दिसलं त पिल्लं-अंडी घ्या पण मायले सोडून द्या. टिटवी वावरात जमिनीवरच अंडी घालते, वखर चालवतानी सापडते. एक हात जागा सोडून वखर न्यायचा, तासाचं काई बिघडत नाई.

आता सगळ्यात जड भाग, तो मजुराचा हाय. जनावरावर सत्ता देल्ली, माणसावर नाई. २६ व्या वचनात मासे हायेत, पाखरं हायेत, ढोरं हायेत, पण ‘माणूस’ त्या यादीत नाई. हे एकदा बोटानं दाखवाच. ईयोब ३१:१३-१५ मंधी ईयोब म्हणते, माह्या चाकराचा न्याय मी डावलला त देवाले काय सांगू, ज्यानं मले पोटात घडवलं त्यानंच त्याले घडवलं. नीतिसूत्रे १४:३१ म्हणते, गरिबाले छळणारा त्याच्या घडवणाऱ्याचीच निंदा करते.

याचा हिशेब अनुवाद २४:१४-१५ अन् लेवीय १९:१३ मंधी हाय: मजुरी त्याच दिवशी, दिवस बुडायच्या आत, रातभर आपल्याजवळ ठेवायची नाई. आपल्याकडं मजुरी बाजाराच्या दिवशी देतेत. मजुराच्या राजीनं ठरलं असन त ते चालते, पण बाजार निघून गेला अन् पैसे नाई, हे चालत नाई. कापूस वेचणी किलोवर असते, तवा काटा सगळ्यायसमोर, वावरातच लावावा. घरी नेऊन मोजला अन् ओलीच्या नावानं वजन कापलं त नीतिसूत्रे ११:१ तिथंच लागू पडते. वेचणी झाल्यावर पऱ्हाटीवर राहिलेला सरवा गरिबाले वेचू देणं हे लेवीय १९:९-१० हाय.

फवारणीचं सांगितल्याशिवाय हा पाठ पुरा करू नका. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतमजूर मेले. पऱ्हाटी डोक्याच्या वर गेली असन त औषध तोंडावरच येते, तवा त्यात माणूस घालू नये. वारा पाठीमागून पाह्यजे. दोन-तीन औषधं आपल्या मनानं एकत्र करू नये. पाठीवरचा पंप गळत असन त आधी वायसर बदलवा, कारण औषध कपड्यातून पाठीवर झिरपते अन् ते लवकर ध्यानात येत नाई. हातमोजे, तोंडाले मास्क, पुऱ्या बाह्याचं शर्ट, फवारणी झाल्यावर साबणानं अंघोळ, मधात बिडी-तंबाखू नाई. रिकामी बाटली पाण्याले वापरू नये. हे सारं मालकानं आणून द्यायचं, मजुरानं नाई. ज्याच्या पाठीवर पंप हाय त्याच्याबद्दलच उत्पत्ती ९:६ बोलून रायली, असं सभेत सरळ सांगा.

वचनपाठक

वखरपाळी भाऊंचं उत्तर छापून सभेत वाटावं इतकं पक्कं आहे. मी वेळेचं आणि ११:७ चं सांगून थांबतो.

पहिल्या बुधवारी फक्त उत्पत्ती १:२६-३१ आणि २:७. दोन्ही उतारे दोनदा सावकाश वाचा. दुसऱ्यांदा वाचताना ज्यांना वाचता येत नाही त्यांनी वाक्यामागे वाक्य म्हणावं. याला आठ-दहा मिनिटं जातात, ती जाऊ द्या. त्यानंतर प्रश्न एकच: ‘हे कोणाकोणाबद्दल लिहिलं आहे?’ लोकांनाच नावं घेऊ द्या. पुतळ्याचं उदाहरण त्यानंतर, नाहीतर चर्चा पुतळ्याकडे वाहत जाते. दुसऱ्या बुधवारी ९:६, याकोब ३:९ आणि कलस्सैकरांस १:१५. तीनच वचनं. याहून जास्त घेतली की चष्मे शोधण्यात आणि पानं उलटण्यात वेळ संपतो. सत्तेचा आणि मजुरीचा भाग यात मावणार नाही. तिसरा बुधवार मागून घ्या.

चुरगळलेल्या नोटेचं उदाहरण या विषयावर फार वापरलं जातं: नोट मळली तरी किंमत तीच. ते टाळा. नोटेला किंमत आहे ती तिच्या बदल्यात दुसरं काही मिळतं म्हणून, आणि एका नोटेऐवजी दुसरी चालते. माणसाच्या बाबतीत या दोन्ही गोष्टी खोट्या आहेत. नाणंच हवं असेल तर मार्क १२:१३-१७ घ्या. दिनार हे मजुराच्या एका दिवसाच्या मजुरीचं नाणं, त्यावर कैसराची, म्हणजे रोमी सम्राटाची, प्रतिमा. ज्याची प्रतिमा त्याचं त्याला द्या, असं येशू म्हणतो. मग ज्या माणसावर देवाची प्रतिमा आहे तो कोणाचा, हा प्रश्न ऐकणाऱ्याच्या मनात आपोआप उठतो.

कलस्सैकरांस १:१५ सोडू नका, कारण ख्रिस्ती शिकवणीचा कणा तिथे आहे. ख्रिस्त हा अदृश्य देवाचं प्रतिरूप आहे. प्रतिरूप कसं असतं हे आपल्याकडे पाहून ठरवायचं नाही, त्याच्याकडे पाहून ठरवायचं. मेळघाटताईंनी सांगितलेला मार्क १ चा उतारा इथे बरोबर बसतो. महानुभाव शेजाऱ्यांना देव मनुष्यवेषात येतो हे नवीन नाही, पण त्यांच्या जीवाच्या प्रश्नाला उत्तर असं द्या: आमच्या शास्त्रात मनुष्य अनादी नाही, त्याला सुरुवात आहे, आणि ती सुरुवात देवाच्या इच्छेने झाली. वाद घालू नका, फरक सांगा आणि त्यांचंही ऐका.

आता ११:७. पौल तिथे प्रार्थनेच्या वेळी डोकं झाकण्याच्या रीतीबद्दल लिहितो आहे. ‘स्त्री देवाचं प्रतिरूप नाही’ असं वाक्य त्या वचनात नाही. तिच्याबद्दल बोलताना तो ‘वैभव’ एवढंच म्हणतो, ‘प्रतिरूप’ शब्द तिच्याकडून काढून घेत नाही, कारण उत्पत्ती १:२७ त्याला पाठ आहे. आणि वाचणारा बहुतेक वेळा सातव्या वचनावर थांबतो. त्याला थांबू देऊ नका. अकरावं आणि बारावं वचन त्याच्याकडूनच वाचून घ्या: प्रभूमध्ये स्त्री पुरुषावाचून नाही आणि पुरुष स्त्रीवाचून नाही, पुरुष स्त्रीपासून जन्मतो, आणि सगळं देवापासून आहे.